क्लार्क ज्योतिषी नव्हते

आर्थर सी. क्लार्क यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. तो थोडक्यात असा: या विज्ञानकथा लेखकाने १९४५ साली दळणवळण उपग्रहाचा शोध लावला, पेटंट घ्यायचं राहिलं म्हणून अब्जावधी डॉलर गमावले, १९६४ मध्ये टीव्हीवर बसून इंटरनेट आणि वर्क फ्रॉम होम सांगून टाकलं, त्यांचं एकही भाकीत चुकलं नाही, भारतानेही त्यांच्या घरी अँटेना बसवून त्यांचं ऋण मान्य केलं. खाली हात जोडलेले. कौतुकाचा मजकूर म्हणून कोणी तपासत नाही. मला तो झोंबतो, कारण क्लार्क यांच्या लेखांत जे सगळ्यात मोलाचं आहे, नेमकं तेच त्यात पुसलं जातं.

आधी शोधाचं बघू. ज्या लेखाबद्दल हे बोललं जातं तो ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात आला. क्लार्क तेव्हा सत्तावीस वर्षांचे, हवाई दलात रडारवर काम करणारे. लेख जेमतेम चार पानांचा आहे आणि शेवटी संदर्भांची छोटी यादी आहे. तिच्यात दुसऱ्या क्रमांकावर हेरमान नूर्डुंग हे नाव येतं. हे टोपणनाव. माणूस हेरमान पोतोच्निक, ऑस्ट्रियाच्या सैन्यातला स्लोव्हेनियन अभियंता. पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळणाऱ्या कक्षेत, एकाच जागेवर थांबल्यासारखं दिसणारं अंतराळस्थानक त्याने १९२८ च्या सुमारास पुस्तकात मांडलं होतं. क्लार्क यांनी ते लपवलं नाही, छापून दिलं. ‘कक्षेचा शोध क्लार्कनी लावला’ हे खुद्द क्लार्क यांच्या लेखाने खोडलेलं आहे.

मग त्यांचं स्वतःचं काय? फार मोठं आहे. अशी तीन स्थानकं नेमक्या अंतरांवर ठेवली तर सगळ्या जगात रेडिओ आणि टीव्हीचं प्रक्षेपण पोचेल, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,००० किलोमीटर. एक स्थानक ३० अंश पूर्व रेखांशावर, दुसरं १५० पूर्वेला, तिसरं ९० पश्चिमेला. पुढे लहरींची वारंवारता, लागणारी शक्ती, आणि मग एक वाक्य, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते: खाली ग्रहण करायला साधारण एक फूट व्यासाची परवलयाकार थाळी पुरेल. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांना टीव्हीच्या छत्र्या लटकलेल्या होत्या, फूट-दोन फुटांच्या. तो आकार त्यांना स्वप्नात दिसला नव्हता. शक्ती आणि वारंवारता मांडली की तो गणितातूनच निघतो, आणि गणित तिथेच छापलेलं आहे. कुणीही तपासावं.

त्याच लेखात स्थानकावर माणसं राहतात. ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात आला. क्लार्क यांच्यापुढे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या होत्या, त्या उडणार आणि बदलायला कोणीतरी लागणार. विजेसाठी त्यांनी आरशांनी ऊन एकवटून इंजिन चालवायचं ठरवलं, वर प्रकाशविद्युत तंत्र सुधारलं तर सूर्याची ऊर्जा थेट वापरता येईल अशी पुस्तीही जोडली. तेव्हाचं जे हाताशी होतं त्यावर रचलेला हा विचार आहे.

पेटंटची गोष्ट तर क्लार्क यांच्याच लेखाच्या शीर्षकातून उचललेली आहे. ‘फावल्या वेळात मी अब्ज डॉलर कसे गमावले’ अशा अर्थाचं शीर्षक त्यांनी स्वतःच गमतीने दिलं होतं. ती गंमत आता इतिहास म्हणून फिरते. त्या काळी ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. १९४५ ला घेतलं असतं तर १९६१ ला संपलं असतं. पहिला भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा, उपग्रह सिंकॉम-३ ऑगस्ट १९६४ मध्ये गेला, पहिला व्यापारी उपग्रह ‘अर्ली बर्ड’ एप्रिल १९६५ मध्ये. गमावायला काही नव्हतंच. लेखाचे १५ पौंड मात्र मिळाले. आणि हे उपग्रह उभे केले ते ह्यूज कंपनीतल्या हॅरॉल्ड रोझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ‘शोध क्लार्कचा’ म्हणताना ही माणसं गायब होतात.

१९६४ ची बीबीसीवरची क्लिप खरी आहे. ताहितीत किंवा बालीत बसून लंडनमधलं काम करता येईल, एडिंबराचा सर्जन न्यूझीलंडमधल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करेल, हे ते बोलले आहेत. पण सुरुवातच ते भविष्य सांगणं किती जोखमीचं आहे इथून करतात. पुढे घरकामाला माकडं तयार करता येतील असंही सांगतात. फॉरवर्ड होणाऱ्या तुकड्यात ही दोन्ही वाक्यं सहसा कापलेली असतात. कापायचं कशाला?

‘एकही भाकीत चुकलं नाही’ हे तर त्यांनाच पटलं नसतं. १९६२ च्या त्यांच्या निबंधसंग्रहात हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या वाहनांवर अख्खं प्रकरण आहे. ती रस्त्यांची गरजच कमी करतील असा रोख. आपण अजून खड्डे मोजतो आहोत. शेवटच्या तक्त्यात १९८० च्या आसपास माणूस ग्रहांवर उतरलेला आहे, २०१० च्या आसपास हवामान ताब्यात आलेलं आहे.

पण याच संग्रहातले पहिले दोन निबंध मी कुणाच्याही हातात द्यायला तयार आहे. जाणकार माणसं कशी चुकतात, याची तिथे चिकित्सा आहे. एक चूक धाडसाची: सगळी तथ्यं समोर असतात, पण ती जिथे नेतात तिथे जायची हिंमत होत नाही. दुसरी कल्पनेची: निर्णायक तथ्य अजून सापडलेलंच नसतं. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही म्हणणारा फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत हे त्यांचं दुसऱ्या प्रकारचं उदाहरण. ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटाने काही दशकांत त्याला खोटं पाडलं. व्हॉल्व्ह बदलायला अंतराळात माणूस ठेवणारे १९४५ चे क्लार्क याच रकान्यात बसतात. आणि ग्रंथाचा हेतू ते प्रस्तावनेतच सांगतात: भविष्य कसं असेल हे नव्हे, शक्य भविष्यांच्या कडा कुठे आहेत ते शोधायचं. नारळीकरांच्या कथा आणि लेख शेजारी ठेवून वाचलेल्या मराठी वाचकाला हा फरक नवा नसावा.

राहिला अँटेना. तो १९७५ मध्ये इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत त्यांच्या घरी खरंच बसवला. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही सुरूही झाला नव्हता, तो १९७९ चा. निमित्त होतं साईट या प्रयोगाचं: अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचवले गेले. त्या गावांतल्या छत्र्या एक फुटाच्या नव्हत्या. तीन मीटर व्यासाच्या होत्या, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीने मढवलेल्या.