‘आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं’ : एका फॉरवर्डला उत्तर

दहावीच्या निकालाच्या आसपास एक फॉरवर्ड हमखास डोकं वर काढतो. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि शिक्षकांच्या ग्रुपवर तर त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळतात. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘आमच्या वेळी मास्तर छडीने फोडून काढायचे, घरी सांगितलं तर बाप वर आणखी दोन द्यायचा. तरी कुणाला डिप्रेशन आलं नाही. आता हात लावला की केस. मुलं मोबाइलने वाया गेली. शाळेत आत्महत्येवर बोलून त्यांच्या डोक्यात नको ते भरतात. घरी आई-बाप आणि शाळेत गुरुजी असताना समुपदेशक नावाचा तिसरा कशाला? मुलांना शिस्त हवी.’

मी नववी-दहावीला शिकवते. या मजकुरातलं सगळंच खोटं आहे असं मला वाटत नाही, म्हणूनच एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘तरी कुणाला डिप्रेशन आलं नाही.’

पन्नाशी ओलांडलेल्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतली ती छोटी चौकट आठवून पाहावी. निकाल लागला की मुलाच्या फोटोसकट जाहिरात यायची: ‘चि. अमुक, असशील तिथून निघून ये. आईने अंथरूण धरलं आहे. तुला कोणीही रागावणार नाही.’ मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं, त्यात शाळकरी मुलांचे फोटो असायचे; उंची इतकी, रंग सावळा, अंगात चौकड्यांचा शर्ट. ही पोरं घरातून सहलीला निघाली नव्हती. ‘तुला कोणी रागावणार नाही’ हे छापून सांगावं लागत होतं, यातच सगळं आलं. देशातल्या आत्महत्यांच्या सरकारी अहवालात ‘परीक्षेतील अपयश’ हे कारणही कुणाच्या हातात स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधीपासून नोंदवलं जातंय.

शिवाय माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे कोण? जे टिकले ते. सातवीत सगळ्यांसमोर मार खाऊन दुसऱ्या दिवसापासून जो शाळेत आलाच नाही, पुढे गॅरेजवर लागला किंवा रानात गेला, त्याला त्या ग्रुपवर कुणी घेतलेलं नसतं. त्याचं मत मोजल्याशिवाय ‘आम्हाला काही झालं नाही’ हा निष्कर्ष निघतो. जी मुलगी आठवीत अचानक बोलेनाशी झाली तिला देवऋषाकडे नेलं, अंगारा लावला, लवकर उजवून टाकली. दवाखान्याच्या कुठल्याच वहीत तिची नोंद नाही. मग आजार नव्हता असं म्हणणं सोपं जातं.

आज मोजलं जातंय, निदान थोडंफार. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आकडा इथेही त्याच्या आसपास धरला, तर साठ मुलांच्या तुकडीत चार-पाच जण होतात. माझ्या वर्गातले चार-पाच मला नेहमी ओळखू येतात असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दंगा करणारा चटकन दिसतो. तिसऱ्या बाकावर शांत बसून वही पूर्ण ठेवणारी दिसत नाही, उलट तिला आपण ‘गुणी’ म्हणतो.

‘छडीने आम्हाला घडवलं. आता हात लावला की केस.’

आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. स्टाफरूममध्ये पहिल्या भागावर तावातावाने चर्चा होते, दुसरा भाग कुणी वाचलेला नसतो. ‘तुझ्या बापाने रिक्षाच चालवली, तू काय दिवे लावणार’ हे वाक्य छडीविना मारतं, आणि ते कलमात बसतं. हा कायदा १४ वर्षांपर्यंतचा, म्हणून नववी-दहावीच्या मुलांना मारायची मोकळीक आहे असं काहींनी परस्पर ठरवून टाकलंय. तसं नाही. बाल न्याय कायदा २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू होतो आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर त्याच्या ७५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता घडवण्याचं. भारत, इथिओपिया, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत ‘यंग लाइव्ह्ज’ नावाचा मोठा अभ्यास झाला. भारतातली मुलं आंध्र-तेलंगणातली होती. आठ वर्षांच्या मुलांना शाळा का आवडत नाही हे विचारलं, तेव्हा शिक्षकांचा आणि इतर मुलांचा मार, त्यांचं टाकून बोलणं हे कारण पहिलं आलं. छडीखाली शिकून कुणी मोठा झालाच नाही असं मी म्हणत नाही. तो छडीमुळे झाला की छडी असूनही झाला, एवढंच त्याने स्वतःला विचारावं.

केस होण्याची शिक्षकांची भीती मात्र खरी आहे. वर्गाला आवर घालायचं दुसरं काहीच न शिकवता हातातली छडी तेवढी काढून घेतली, हा व्यवस्थेचा हलगर्जीपणा आहे. त्याचा राग मुलांवर काढून भागणार नाही.

‘मोबाइलने वाया गेली.’

यावर फार भांडण नाही. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती, अभ्यासासाठी फोन वापरणारी ५७ टक्के. रात्री दीडपर्यंत रील बघून सातच्या शाळेत पेंगणारी मुलं मी रोज बघते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पण झोप फोनच खातो असं नाही. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, मग ‘सराव पेपर’ हे वेळापत्रक मुलांनी आखलेलं नसतं. फोन काढून घेतला आणि वेळापत्रक तसंच ठेवलं, तर घरात रोज भांडण तेवढं वाढतं.

‘आत्महत्येवर बोलून डोक्यात नको ते भरतात.’

ही भीती पालकांना मनापासून वाटते, तेव्हा इथे थोडं थांबायला हवं. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत हेच तपासलं गेलं, निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन हजारांवर मुलांचे दोन गट केले. एका गटाच्या प्रश्नावलीत ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे थेट प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. प्रश्न विचारल्याने पहिल्या गटात हे विचार वाढले नाहीत, बेचैनीही वाढली नाही. उलट जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना विचारल्यावर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग युरोपातला: दहा देश, १६८ शाळा, अकरा हजारांवर विद्यार्थी, निष्कर्ष २०१५ चे. मुलांनी छोटे प्रसंग वठवून, ताण आला तर काय करायचं, मैत्रीण असं काही बोलली तर कुणाला सांगायचं, यावर काही तास आपापसांत बोलायचं. वर्षभरानंतर या गटात आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. दुसऱ्या एका गटात फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं. तिथे ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे गप्प बसून मुलं वाचत नाहीत. कसं बोलायचं याला मात्र पथ्य आहे. कोणी कसं केलं याचा तपशील मुलांपुढे नको. गावात अशी घटना घडली की चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा भलामोठा फ्लेक्स लागतो, मुलांच्या स्टेटसवर रडक्या गाण्यासह तोच फोटो चार दिवस फिरतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला डोक्यात भरण्याची एवढी काळजी असेल, तर त्याने आधी तो फ्लेक्स उतरवायला जावं.

‘आई-बाप आणि गुरुजी असताना तिसरा कशाला?’

खरा मुद्दा हा आहे, आणि इथे मी शिक्षक म्हणूनच फॉरवर्डच्या विरोधात आहे. मुलाचे अंतर्गत गुण माझ्या हातात. त्याच्या घरी फोन मीच करते. दाखल्यावर ‘वर्तणूक’ मी लिहिते. असं मूल ‘मॅडम, रात्री झोप येत नाही, सगळं संपवावंसं वाटतं’ हे मला का सांगेल? आणि मधल्या सुट्टीत, हातात गठ्ठा आणि पुढे ऑनलाइन माहिती भरायची असताना मी ते ऐकून घेईन तरी कशी?

हे नुसतं माझं मत नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या स्थानिक माणसाने. हा माणूस मानसशास्त्राचा पदवीधर नव्हता, प्रशिक्षण देऊन तयार केलेला साधा तरुण किंवा तरुणी होती. त्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली, दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. गुरुजी वाईट होते म्हणून नव्हे. ते गुरुजी होते म्हणून.

तरीही समुपदेशक नेमला की झालं, असंही नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकाला क्रीडा साहित्याच्या खोलीत, लेझीमच्या पेटाऱ्याशेजारी खुर्ची दिली जाते. मग माइकवरून पुकारा होतो: ‘नववी ब, अमुक अमुक, समुपदेशनासाठी यावे.’ ती मुलगी वर्गातून उठते तेव्हा साठ डोकी वळतात, आणि दुपारपर्यंत तिला ‘मेंटल’ हे नाव पडलेलं असतं. तक्रारपेटीचंही तेच. ती मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली असते, आणि किल्ली क्लार्कच्या जुडग्यात. पेटी रिकामी निघाली की ‘आमच्या शाळेत काही तक्रारी नाहीत’ असा अहवाल वर जातो. पेटी स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवायला पैसे लागत नाहीत. समुपदेशकाकडे वर्गातल्या प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं आळीपाळीने पाठवलं, तर कोण खरंच अडचणीत आहे हे कुणाला कळणारही नाही.

सरसकट सगळ्यांना एकच डोस पाजण्यावरही माझा विश्वास नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत शिक्षकांनी मुलांना ध्यानाचे धडे दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या शाळांपेक्षा त्या मुलांचं मानसिक आरोग्य काही बरं निघालं नाही. आपल्याकडचं ‘ताणमुक्तीवर व्याख्यान’ तर याहून पातळ. पाहुणे, शाल-श्रीफळ, दीड तास मांडी घालून बसलेली मुलं, शेवटी आभार. त्याला मानसिक आरोग्य म्हणू नये.

‘हे श्रीमंत शाळांचे चोचले आहेत’ असंही कुणीतरी खाली प्रतिक्रियेत लिहितंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले. ही सगळी काही महागड्या शाळांतली मुलं नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. अनुदानित शाळेत हे पद कोण मंजूर करणार, पगार कुठून येणार, यावर पुढच्या पालक सभेत शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे ठराव करता येईल. फॉरवर्ड पुढे ढकलायला लागतो त्याहून फार वेळ त्याला लागत नाही.

तोवर जे आहे ते वापरावं. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतं. आपल्या जवळचं कुठे आणि कोणत्या वारी, हे आशाताईंना विचारलं तर कळतं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. आमच्या शाळेत हे दोन्ही क्रमांक आता फळ्याच्या कोपऱ्यात, तारीख आणि पटसंख्येच्या खाली लिहिलेले असतात. तिथे लिहिलं, की ते टिपून घ्यायला कुणाला हात वर करावा लागत नाही.