करवतीची बडदास्त

श्रावण लागला की आमच्या आईला गणपतीचा चौरंग आठवतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. जुन्या चौरंगाला वाळवी लागली होती, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हा हुकमी एक्का यंदा चालेना. तसं बघितलं तर चौरंगात आहे काय? एक फळी, चार पाय, चार पट्ट्या. लाकूडही घरचंच, परसात पडलेल्या फणसाचं. पण ते कापायचं म्हणजे पडवीतल्या टेबल सॉची, म्हणजे टेबलातून गोल पातं वर काढलेल्या विजेच्या करवतीची, मर्जी सांभाळायची, आणि धोंड्याच्या महिन्यात आलेल्या जावयाची बडदास्त त्यापेक्षा सोपी. जावई निदान महिन्याने जातो.

कोकणात हे यंत्र नुसतं उभं राहूनही बिघडतं. वरचं टेबल बिडाचं. बीड जड, सपाट, थरथर न होऊ देणारं, सगळे गुण अंगी. पण पावसाळी हवा एका रात्रीत त्याला तांबूस करून टाकते. मग रॉकेल, बारीक पॉलिश पेपर, घासाघीस आणि शेवटी मेणाचा हात. मेणाने गंज थोपतो आणि फळीही सुळकन सरकते. आईचं मत, खोबरेल लाव. आमच्याकडे केस गळण्यापासून दार कुरकुरण्यापर्यंत सगळ्यावर खोबरेल हेच औषध. लोखंडाला ते मानवेलही, पण फळीला लागलं की तिथे पॉलिश धरत नाही, हे तिला पटवताना माझेच केस गळले.

मेण लावून बटण दाबलं, तर मोटर नुसती ‘हूंऽऽ’ म्हणाली आणि तशीच बसून राहिली. फिरेना. अशा वेळी पडवीत माणसं कुठून जमतात देव जाणे. एकाने मोटर जळाली म्हणून जाहीर केलं, दुसऱ्याने व्होल्टेजला दोष दिला. व्होल्टेजचं अगदीच खोटं नाही. आमच्याकडे संध्याकाळी 230 चा आकडा फक्त मोटरच्या पाटीवर दिसतो. पण मोटर हुंकारते आणि फिरत नाही, तेव्हा आधी कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारी डबी, बघावा. बघितला. डबीचं डोकं टम्म फुगलेलं. (प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते; ती उतरवल्याशिवाय त्याला बोट लावू नये.) वॉरंटी कार्ड काढून वाचलं. यंत्रातल्या ज्या ज्या वस्तू बिघडू शकतात त्या वगळून बाकी सगळ्याची हमी होती. बाजारातून नवा कपॅसिटर आणला, तेव्हा कुठे स्वारी फिरायला लागली.

फिरली, आणि पहिल्याच फळीला धूर. फणसाच्या पिवळ्याधमक कडेवर काळा पट्टा आणि घरभर होमाचा वास. आई आतून म्हणाली, “गणपती येवक अजून वेळ आसा!”

लाकूड जळलं की जो तो म्हणतो, पात्याची धार गेली. म्हणून आधी पातं उतरवलं. त्याचं नट सोडायचं ते पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला. उलट जोर लावत बसलं तर बोटांची सालं निघतात, नट हलत नाही. दात्यांवर राळेचा तपकिरी थर होता. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पातं भिजत ठेवलं की थर सुटतो. पण दहा इंची पातं मावेल असं पसरट भांडं घरात एकच, आईची परात. त्यावर काय रामायण झालं ते इथे सांगत नाही. पातं लख्ख निघालं, दाते शाबूत निघाले आणि पुढची फळी पुन्हा जळली.

शेवटी मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री आले, चहा प्याले, मशीनभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “टेंपोतसून आणलास मा ह्या?”

“होय.”

“मगे बरोबर.”

त्यांनी प्लग काढायला लावला. पात्याला समांतर अशी टेबलात खाच असते, तिच्यात घट्ट बसेल अशी एक लाकडी पट्टी तासली. पट्टीच्या टोकाला एक स्क्रू पिळला. पात्याच्या एका दात्यावर पेन्सिलने खूण केली, तो दाता पुढे आणून स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम टेकवलं. पातं हाताने हलवलं की ‘टिक’ असा आवाज. मग तोच दाता फिरवून मागे नेला, पट्टीही खाचेतून मागे सरकवली. पातं हलवलं. आवाज नाही. पुन्हा पुढे, टिक. पुन्हा मागे, गप्प. मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. टेंपोच्या हादऱ्यांनी पात्याची मागची बाजू तेवढी गाईडकडे, म्हणजे फळी सरळ सरकावी म्हणून शेजारी लावलेल्या आडोशाकडे, झुकली होती, आणि कापलेली फळी मागे गेली की पातं आणि गाईड यांच्यात चेंगरून घासत होती. धूर त्याचा. टेबलाखालचे बोल्ट सैल करून मेस्त्रींनी मोगरीने टिचक्या मारल्या, पुढे टिक, मागे टिक झाल्यावर बोल्ट आवळले आणि मग गाईडही खाचेला समांतर लावलं.

हे नुसतं डागापुरतं नसतं. दहा इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेतं तेव्हा दात्याचा वेग तासाला 190 किलोमीटरवर जातो. आमच्या स्टेशनवरून जाणारी वंदे भारतही एवढी धावत नाही. मागचे दाते खालून वर येतात. चेंगरलेली फळी त्यांनी उचलली, की ती सरळ कापणाऱ्याच्या पोटाच्या दिशेने सुटते. म्हणून पात्यामागे, कापलेली फट मिटू नये यासाठी, रायव्हिंग नाइफ नावाची पोलादी पट्टी उभी असते, ती काढू नये. अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा. आणि फळीच्या रेषेत उभं राहू नये. सल्ला द्यायला आलेला प्रत्येक माणूस नेमका त्याच रेषेत उभा राहतो, हा माझा अनुभव.

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या गृहस्थाने बोट लागताच काही हजारांश सेकंदात थांबणारी करवत बनवली. सॉसेज लावून, पुढे स्वतःचं बोट लावून त्याने ती दाखवली. शरीरातून वीज वाहते, त्यावर ती ओळखते. मेस्त्रींना हे फार आवडलं. फक्त ओलं लाकूडही तिला बोटासारखं वाटू शकतं, आणि एकदा थांबली की ब्रेक नवा घ्यावा लागतो, बहुधा पातंही, हे ऐकल्यावर त्यांनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. “हयसर दिवसाक चार ब्रेक लागतले.”

मग कापणी मात्र अशी झाली की बघत राहावं. एका कडेला डाग नाही. चारही पाय गुण्यात, म्हणजे काटकोनात, केसाचा फरक नाही. चौरंग उचलून माजघरात मांडला आणि तो डुगडुगला. मेस्त्रींनी हाताने दाबून बघितलं. “चौरंग बरोबर आसा. जमीन वाकडी.”

पायाखाली घालायला पुठ्ठा हवा होता. आईने लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, पण जी ती पत्रिका गणपतीची. गणपतीच्या चौरंगाखाली गणपती कसा घालायचा? बारशाच्या पत्रिकेवर बाळकृष्ण. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर तर सगळं पंचायतन. गठ्ठा संपत आला आणि तळाशी वॉरंटी कार्ड सापडलं. जाड, गुळगुळीत, देव एकही नाही. मेस्त्रींनी चौघडी करून सरकवलं, आणि त्या कार्डाने पहिल्यांदाच कशाची तरी हमी घेतली.