आधी अंडरकट समजावून सांगा म्हणे

घरच्या ग्रुपवर माझ्या मावसभावाने मागच्या आठवड्यात फर्मान काढलं. कोथरूडमध्ये बसून आई आणि मावशी ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही फॉर्म्युला वनच्या पडद्यामागची मालिका बघतात, हे त्याला खुपलं. हे रेसिंग नाही म्हणे, सासू-सुनांची मालिका आहे. ज्यांना अंडरकट म्हणजे काय ते सांगता येत नाही त्यांनी फॅन म्हणून मिरवू नये. खाली भराभर अंगठे आले. मी तेव्हापासून धुमसते आहे.

एक तर त्या दोघी मिरवत नाहीत. त्यांना पुढचा भाग बघायचा असतो, एवढंच. आणि अंडरकट सांगायला किती वेळ लागतो? पुढच्या गाडीच्या आधी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर जायचं, नवे टायर घालायचे आणि ती जुन्या टायरवर रखडतेय तोवर वेळ कमावून पुढे निघायचं. मावशीला हे एका फोनमध्ये कळलं. रमणबागेच्या मंडपात शाली गुंडाळून सवाई ऐकणाऱ्यांपैकी कितींना राग ओळखता यायचा? त्यांना कुणी उठवलं नाही.

२०१८ची मेलबर्नची शर्यत घ्या. हास हा छोटा संघ आणि त्याच्या गाड्या चक्क चौथ्या-पाचव्या नंबरवर. पिटमध्ये एका गाडीचं चाक नीट बसलं नाही आणि ती थांबली. दोनच फेऱ्यांनी दुसऱ्या गाडीचंही तेच झालं. हातातली शर्यत गेलेला ड्रायव्हर ग्रोजाँ खचून गेलेल्या मेकॅनिकलाच धीर देत होता. माझ्या बाबांनी पिंपरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर उमेदीची वर्षं घालवली. त्यांना फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो कळत नाही. मी ही हकिकत सांगितली तेव्हा ते लगेच म्हणाले, “नट आट्यावर सरळ बसला नसणार, घाईत होतं तसं.” आणि मग, “त्या पोराची नोकरी राहिली का गं?”

हा प्रश्न फॅन माणसाला पडत नाही. तो गुणतक्ता बघतो. चाकण, पिंपरी, आकुर्डीवर जगलेल्या शहरात तरी हे समजावून सांगावं लागू नये. पहिल्या मोसमात मर्सिडीज आणि फेरारी या आघाडीच्या संघांनी कॅमेऱ्याला आत घेतलं नाही, म्हणून मालिका वळली ती मधल्या आणि शेवटच्या संघांकडे. करार वाढेल का, शेजारच्या गाडीतला सहकारी आपल्यापेक्षा वेगवान निघाला तर काय, पैसे पुरतील का, हे तिथे घडत होतं. नोकरी केलेल्या कुणालाही ते कळतं.

मालिका भांडणं फुगवते, हे खरं आहे. याच कारणाने ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेन काही काळ तिच्यापासून लांब राहिला. पण भावाला फुगवण्याचा राग नाही, आपल्या अंगणात इतर लोक आल्याचा आहे.

इकडे इंग्लंडमध्ये, मी राहते त्या ब्रॅकलीत असली परीक्षा कुणी घेत नाही. माझ्या शेजारणीचा नवरा इथल्या फॉर्म्युला वन संघात गिअरबॉक्सवर काम करतो. ती शर्यत बघत नाही. तिला ऑगस्टचं शटडाउन, म्हणजे संघांचे कारखाने बंद राहतात ते दिवस, कधी लागतंय याच्याशी मतलब, कारण सुट्टीला कॉर्नवॉलला जाणं तेव्हाच जमतं. तिला अंडरकट विचारायची कुणाची टाप नाही. हे मी ग्रुपवर अभिमानाने लिहिलंही. मात्र मलाही इथे कुणी विचारत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. मला यातलं काही माहीत असेल असं कुणी धरतच नाही. पुण्यात निदान आपलं माणूस समजून उलटतपासणी होते. तीही आता माझ्या वाट्याला फारशी येत नाही. मी बोलले की “तुझं काय, तू तिकडची” असं म्हणून विषय संपतो.

सिल्व्हरस्टोन या शर्यतीच्या ट्रॅकच्या दारासमोर एका संघाचा कारखाना आहे. २००५ मध्ये भारताचा नारायण कार्तिकेयन ज्या जॉर्डनकडून शर्यतीत उतरला तो संघ इथलाच. २००८ पासून त्याचं नाव फोर्स इंडिया होतं. मी इथे आले तेव्हा मला शर्यतीतलं काही कळत नव्हतं, पण त्या रस्त्याने जाताना मान वळायची. २०१८च्या उन्हाळ्यात संघ दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला, चारशेहून जास्त नोकऱ्या टांगणीला लागल्या. माझाही व्हिसा तेव्हा नोकरीवर अवलंबून होता आणि मुदत संपत आली होती. ट्रॅकवर कोण जिंकलं ते मला ठाऊक नसायचं, पण त्या माणसांची बातमी मी रोज शोधायचे. नवे मालक आले, नोकऱ्या वाचल्या, नाव मात्र पुढे बदललं. आज तिथे ॲस्टन मार्टिन आहे.

पुढच्या मार्चमध्ये मालिका आली. ज्या इमारतींवरून मी रोज जात होते त्यांच्या आतली माणसं मला त्यात पहिल्यांदा दिसली. आईला मालिका लावून दिली ती मीच. मी कुठे राहते हे तिला फोटोंतून कधी नीट कळलं नव्हतं.