‘तीन जिवलग मैत्रिणी, एकच पदवीदान’ : त्या फोटोखालच्या मजकुरात काय चुकतं

आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली एका ओळीत बसलेल्या आहेत, असा एक जुना फोटो दर मार्चमध्ये फिरतो. महिला दिनाला सुरुवात होते आणि ३१ मार्चला, आनंदीबाईंच्या जयंतीपर्यंत, इंदूरच्या मराठी घरांत रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. पुढे तोच शाळांच्या आणि मंडळांच्या फलकांवर चढतो. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा : या तिघी जिवलग वर्गमैत्रिणी, हा त्यांच्या १८८५च्या पदवीदानाचा फोटो, तिघी आपापल्या देशाच्या पहिल्या महिला डॉक्टर, आणि तिघींनी मायदेशी परतून आयुष्यभर रुग्णसेवा केली. आनंदीबाई तेव्हा १९ वर्षांच्या होत्या, अशीही एक ओळ बहुतेकदा असते.

फोटो अस्सल आहे, तिघींची नावंही बरोबर आहेत. बाकीचं वाक्यागणिक तपासावं लागतं.

‘हा पदवीदानाचा फोटो आहे.’

नाही. फोटोवरची तारीख १० ऑक्टोबर १८८५ आहे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये डीनने दिलेल्या स्वागतसमारंभातला हा फोटो. त्या कॉलेजचं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं आणि पदव्या मार्चमध्ये मिळायच्या. एवढं माहीत असलं तरी ऑक्टोबरचा फोटो पदवीचा नव्हे हे कळतं. आनंदीबाई ऑक्टोबर १८८३मध्ये दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. म्हणजे फोटोच्या वेळी त्यांचं तिसरं, शेवटचं सत्र नुकतं लागलं होतं आणि परीक्षा पाच महिने पुढे होती.

कपड्यांवरूनही लोकांची फसगत होते. आनंदीबाई साडीत, ओकामी किमोनोत आणि इस्लामबूली सीरियन पोशाखात, डोक्यावर नाण्यांचा साज लेवून बसल्या आहेत. एवढा थाट पाहून ‘मोठा समारंभ’ असं वाटणं साहजिक आहे, पण तो आपापल्या देशाचा पोशाख आहे, पदवीचा नव्हे.

चूक शिरते ती दोन ठिकाणांहून. मूळ छायाचित्रावर तिघींच्या नावांमागे ‘डॉ.’ लिहिलेलं आहे. त्या दिवशी तिघींपैकी कुणीही डॉक्टर नव्हती, त्यामुळे ती अक्षरं मागाहून पडलेली असणार हे उघड आहे. ज्याने ती लिहिली त्याने, आनंदीबाई अमेरिकेला जाण्यापूर्वी राहत होत्या त्या बंगालमधल्या ‘सेरामपूर’चं ‘सेरानिसोर’ही करून ठेवलं आहे. अशा ओळीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. दुसरं म्हणजे पुढे पाठवताना फोटो कापला जातो. कडेची तारीख जाते, ‘१८८५’ तेवढं उरतं आणि त्यालाच पदवीचं साल चिकटतं. रंग भरलेल्या प्रतींमध्ये तर खालची पट्टी बऱ्याचदा नसतेच. फलकासाठी फोटो घेणार असाल तर खालची पट्टी शाबूत असलेली, बिनरंगाची प्रत घ्या.

‘तिघी वर्गमैत्रिणी होत्या.’

एकाच कॉलेजात होत्या, एका वर्गात नव्हत्या. आनंदीबाईंची पदवी १८८६ची, ओकामींची १८८९ची, इस्लामबूलींची १८९०ची. १८८९च्या ज्या तुकडीत ओकामी होत्या, त्याच तुकडीत ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश पहिल्या आल्या. मूळ अमेरिकी समाजातून वैद्यकीय पदवी मिळवणारी ही पहिली स्त्री. ओकामींची खरी वर्गभगिनी ती! आणि तिचं नाव आपल्याकडच्या मजकुरात कुठेच नसतं, याचं फार वाईट वाटतं. तोपर्यंत डीनही बदलल्या होत्या. आनंदीबाईंवर मायेची पाखर धरणाऱ्या रेचल बॉडली १८८८मध्ये वारल्या आणि क्लारा मार्शल डीन झाल्या.

‘जिवलग’ या शब्दाला त्या फोटोत काहीच आधार नाही. ओळख असेल, जवळीकही असेल. पण शेजारी बसलेल्या तिघी, एवढाच तो पुरावा आहे. आनंदीबाईंच्या जिव्हाळ्याच्या माणसांविषयी मात्र पक्क्या नोंदी आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. १८८०पासून दोघींचा पत्रव्यवहार होता आणि जून १८८३मध्ये अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाई आधी त्यांच्याच घरी राहिल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. पुढच्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती बॉडलींनी. आनंदीबाईंच्या अस्थीही कार्पेंटरबाईंकडेच गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या जागेत त्यांना विसावा मिळाला. पदवीच्या आसपासची मैत्री दाखवायची तर ती इथे आहे, कल्पनेने रचायची गरजच नाही.

‘वय १९.’

जन्म ३१ मार्च १८६५, पदवी ११ मार्च १८८६. एकवीस पूर्ण व्हायला वीस दिवस कमी.

‘तिघी आपापल्या देशाच्या पहिल्या महिला डॉक्टर.’

इथे ‘डॉक्टर’ म्हणजे पदवी, परवाना की प्रत्यक्ष व्यवसाय, हे आधी ठरवावं लागतं. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांनी १८८५मध्येच सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि तोक्योत दवाखाना उघडला. ओकामींचा मान वेगळा आहे : पाश्चात्त्य देशातल्या कॉलेजची वैद्यकीय पदवी घेतलेली पहिली जपानी स्त्री. आपल्याकडे कादंबिनी गांगुली १८८६मध्येच कलकत्ता मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष व्यवसाय केला. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, हे आनंदीबाईंचं वर्णन अचूक आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. इस्लामबूलींच्या बाबतीत ‘सीरिया’ म्हणताना ते तेव्हा उस्मानी साम्राज्यात होतं हे लक्षात असू द्यावं.

‘तिघींनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.’

आनंदीबाईंना ती संधीच मिळाली नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागात त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. पदवीला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी हजारो रुग्ण तपासले असं लिहिल्याने त्यांचा मान वाढत नाही, त्यांच्यावर काय ओढवलं ते झाकलं जातं. ओकामी तोक्योच्या जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राटाच्या भेटीच्या वेळी, बाई म्हणून, त्यांना पुढे येऊ दिलं नाही आणि त्यांनी १८९२मध्ये ती जागा सोडली. त्यानंतर त्यांनी स्वतःचा दवाखाना चालवला. इस्लामबूली दमास्कसला परतल्या. पुढे कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत त्यांचा पत्ता कैरोचा दिसतो.

फलकावर लिहायचंच तर एवढं लिहा : ‘डावीकडून आनंदीबाई जोशी, पदवी १८८६, केई ओकामी, पदवी १८८९, साबात इस्लामबूली, पदवी १८९०. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फिया. डीनच्या स्वागतसमारंभात, १० ऑक्टोबर १८८५.’ फोटो उलटा छापला गेला नाही ना, तेही बघा : आनंदीबाई आपल्या डाव्या हाताला हव्यात.

आता इंदूरकरांसाठी थोडं. एकत्र शिकलेल्या, एकत्र सोसलेल्या आणि खरोखर एकाच वर्षी डॉक्टर झालेल्या तिघींची हकिकत हवी असेल तर ती आपल्या गावाला येऊन मिळते. कॅनडात किंग्स्टनला १८८०मध्ये मुलींसाठी वैद्यकाचे वेगळे वर्ग निघाले आणि पुढे मुलं-मुली एकत्र बसू लागली. १८८२च्या हिवाळ्यात शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला प्राध्यापक अश्लील शेरे मारू लागला, मुलं पाय आपटून साथ देऊ लागली, तेव्हा मुली तास सोडून बाहेर पडल्या. यांना काढा, नाहीतर आम्ही टोरांटोला जातो, अशी मुलांनी संस्थेला धमकी दिली. तोडगा निघाला तो असा : आहेत त्या मुलींनी वेगळ्या वर्गात शिक्षण पुरं करावं, नव्या मुलींना प्रवेश नाही. त्यावर १८८३मध्ये किंग्स्टनला स्त्रियांचं स्वतंत्र वैद्यकीय कॉलेज उभं राहिलं. १८८४मध्ये एलिझाबेथ स्मिथ, अ‍ॅलिस मॅकगिलिव्रे आणि एलिझाबेथ बीटी या तिघी किंग्स्टनच्याच क्वीन्स विद्यापीठाच्या वैद्यकाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या.

त्यांतल्या बीटीबाई १८८४ संपायच्या आत मिशनच्या डॉक्टर म्हणून इंदूरला आल्या. १८८६मध्ये किंग्स्टनलाच शिकलेल्या मॅरियन ऑलिव्हर त्यांना येऊन मिळाल्या. आनंदीबाई फिलाडेल्फियात त्या फोटोसाठी बसल्या, तेव्हा इंदुरात स्त्री डॉक्टर बायकांना तपासत होती. इथल्या फलकावर आनंदीबाईंच्या शेजारी बीटी आणि ऑलिव्हर ही दोन नावं यायलाच हवीत.