कॉपीराइट एजंट म्हणजे मीच

आमच्या साइटच्या तळाशी बारीक अक्षरात 'कॉपीराइटच्या तक्रारी इथे पाठवा' असं लिहिलंय, आणि त्या ईमेलच्या पलीकडे मी बसतो. धंदा छोटा, माणसं मोजकी, त्यामुळे 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' एवढ्या पात्रतेवर हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. सर्व्हर अमेरिकेतला म्हणून कायदाही तिकडचाच, १९९८ चा डीएमसीए, म्हणजे डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ग्राहकाने किंवा विक्रेत्याने दुसऱ्याचा फोटो तुमच्या साइटवर चढवला आणि रीतसर तक्रार आल्याबरोबर तुम्ही तो उतरवलात, तर बालंट तुमच्यावर येत नाही. फक्त तक्रारी घेणारा एजंट तिथल्या कॉपीराइट ऑफिसात नोंदवायचा आणि दर ३ वर्षांनी नोंद नवी करायची. एजंट! ऐकायला गुप्तहेर वाटतो, काम शिव्या खायचं.

आता रीतसर म्हणजे काय, तर मूळ काम कुठलं, आमच्याकडे ते नेमकं कुठे दिसतंय, तुमचा पत्ता-फोन, सही, आणि हे सगळं खरं आहे असं लिहून द्यायचं. येतं काय? 'आमचा फोटो चोरलाय, ताबडतोब काढा नाहीतर कोर्टात भेटू.' संपलं. अहो पण कुठला फोटो? मी अदबीने लिंक मागतो तर उत्तर येतं, 'तुम्हाला चांगलं माहितीये कुठला ते.' पुन्हा हातापाया पडलो की स्क्रीनशॉट येतो, तोही एका मोबाइलचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला, फोटो अर्धा आणि अंगठा मात्र पूर्ण.

काहींचं वेगळंच असतं. फोटोत मी आहे म्हणजे फोटो माझा! आता कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा असतो हे यांना कोण समजावणार. इंडोनेशियातल्या एका माकडाने सेल्फी काढला ते प्रकरण अमेरिकेच्या अपील कोर्टात गेलं, आणि २०१८ साली कोर्टाने सांगितलं की माकडाला या कायद्याखाली दावा लावता येत नाही. त्याने निदान बटण तरी दाबलं होतं. 'आयडिया माझी होती' वाल्यांबद्दल तर बोलतच नाही, नुसत्या आयडियाला कॉपीराइट नसतो.

बरं, फोटो उतरवला की चढवणारा खवळतो, काउंटर नोटीस देतो, म्हणजे 'माझा फोटो चुकीने उतरवलात' असं लेखी उत्तर, मग १० ते १४ कामाचे दिवस वाट बघायची, तक्रारदार कोर्टात गेला नाही तर फोटो पुन्हा चढवायचा. तोवर दोघं मला सीसीत ठेवून एकमेकांचा उद्धार करतात.

मध्ये एक तक्रार आली, लिंक, सही, सगळं जागच्या जागी, वाचून अक्षरशः भरून आलं. फक्त लिंक आमच्या साइटची नव्हती. जाऊन बघतो तर कुणीतरी आमचं कॉपीराइट धोरणाचं अख्खं पान उचललेलं, वर 'या साइटवरील मजकुराची नक्कल करू नये' आणि खाली तक्रारीसाठी ईमेल माझा! म्हणजे मी नोटीस त्यांना पाठवली तरी ती माझ्याकडेच येणार. त्यांच्या होस्टिंगवाल्यांकडे तक्रार करता येते, करीनही, पण घाई करवत नाही, कारण त्यांच्याकडच्या तक्रारी आमच्यापेक्षा कितीतरी नीट लिहिलेल्या असतात.