साखळीवर ठेवलेला पाय
कॅनडातल्या मेटी लोकांवरच्या (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजावरच्या) तुमच्या लेखात त्यांचा पुढारी लुई रिएलची १८८५ची फाशी सविस्तर आली, पण जमिनीचा प्रश्न एका ओळीत उरकलात, याचं वाईट वाटलं. मेटी लोकांची शेतं रेड नदीकाठची. तोंड पाण्याकडे, मागे लांबच लांब अरुंद पट्टी. १८६९ मध्ये मोजणीदार त्यावर चौकोन आखायला आले, तेव्हा रिएलने मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला. संघर्षाची सुरुवात तिथून आहे! पुढच्याच वर्षी, मॅनिटोबा प्रांत स्थापणाऱ्या मॅनिटोबा कायद्याने मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर कबूल केले, पण वाटप इतकं रेंगाळलं की कित्येक कुटुंबं रिकाम्या हातांनी पश्चिमेकडे निघून गेली. ही सरकारी कुचराई कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली २०१३ मध्ये. अल्बर्टा प्रांतातल्या मेटींच्या ८ वसाहतींना मात्र १९९० मध्ये जमिनीची मालकी आणि स्वतःचा कारभार मिळाला. त्यावर स्वतंत्र लेख लिहाच.