सगळं धरून भाडं? आधी मीटर बघा

कॉलेजं सुरू व्हायची वेळ आली की पुण्यातल्या भाड्याच्या ग्रुपवर 'लाईट, पाणी, वायफाय सगळं धरून' अशा जाहिरातींचा पूर येतो. पोरगं पहिल्यांदाच घराबाहेर राहणार असतं, त्यामुळे आईवडिलांनाही ते बरं वाटतं. महिन्याला एकच रक्कम, नंतर कटकट नाही.

माझं मत असं की पाणी, मेंटेनन्स, वायफाय खुशाल भाड्यात धरा. वीज मात्र बाहेर ठेवा, आणि तीही स्वतंत्र मीटरवर.

घरमालक पदरचे पैसे घालत नसतो. मे महिन्यात रात्रभर एसी चालणार हे धरूनच तो आकडा सांगतो. तुम्ही दिवसभर हिंजवडीला आणि शनिवार-रविवार गावी असलात तरी पैसे एसीचेच भरता. आणि खरंच एसी लावलात, की 'वापर फार होतोय हं' म्हणत स्वारी दारात हजर!

त्यात स्लॅबची भानगड असते. महावितरणचा घरगुती दर पहिल्या 100 युनिटांना सगळ्यात कमी, मग 300 पर्यंत वेगळा, पुढे 500 पर्यंत आणखी चढा. समजा एका मीटरवर तीन खोल्या आहेत आणि प्रत्येकीत 90 युनिटं जळतात. मीटर वेगळे असते तर तिघंही स्वस्त स्लॅबमध्ये बसले असते. एकत्र 270 झाली की त्यातल्या 170 युनिटांना वरचा दर लागतो. काटकसर करून उपयोग शून्य. सब-मीटर लावून 'युनिटला अमुक रुपये' असा सरसकट दर घेणाऱ्यांकडे तर मूळ बिल आधी मागा.

पाण्याचं गणित उलटं आहे. वाघोलीच्या सोसायटीत टँकर किती मागवायचे हे भाडेकरू ठरवत नाही, सोसायटीच्या सभेत त्याला मतही नाही. मग तो बोजा त्याच्यावर कशाला? फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही मालकाचंच. राज्य सरकारने 2001 मध्येच त्यावर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरी काही मालक ते गुपचूप भाड्यात घुसडतात.

भाड्यात काय काय धरलंय ते करारात लिहून घ्या. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणी सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणाऱ्या मालकांना हे बहुधा माहीत नसतं. (पण वाद घालायला कोर्टात कोण जातंय, म्हणून कागद बरा.)

टोकन देण्याआधी त्या घराचं ताजं वीजबिल मागा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो, उन्हाळ्यातला आकडा लगेच दिसतो. बिल दाखवायला खळखळ केली तर दुसरं घर बघा.